आभाळाकडे बघणारे रिक्षावाले

रोनक नावाच्या माणसाबद्दल प्रशीलचं कसलंही मत नव्हतं. हे त्या रविवारी सकाळी साडेदहापर्यंत खरं होतं.

साडेदहाला सपनाने टीव्ही लावला. "रोनकच्या पिक्चरला पुण्यात बक्षीस मिळालंय. परत बघू या."

रोनक म्हणजे सपनाच्या धुळ्याच्या कॉलेजातला मुलगा. चारेक वर्षांपूर्वी त्याने 'ग्रह क्रमांक अठरा' नावाचा पिक्चर बनवून यूट्यूबवर टाकला होता. परग्रहावरचा एक तरुण धुळ्यात उतरतो, अशी गोष्ट. का उतरतो हे पिक्चरमध्ये सांगितलेलं नाही, आणि धुळ्यात कुणी विचारलंही नाही. रोनकच्या वडिलांचं, अभयकुमार शेठचं, आग्रा रोडला स्टीलच्या भांड्यांचं दुकान. त्यामुळे परग्रहवासीयांची शिरस्त्राणं म्हणजे डबे, दुर्बिणी म्हणजे पेले, आणि यान म्हणजे पाचशे माणसांचं वरण शिजेल एवढं उपडं भगोणं होतं. शेवटच्या लढाईत दोन्ही ग्रहांची सैन्यं एकाच कंपनीच्या झाऱ्यांनी लढतात.

प्रशीलने हा पिक्चर लग्नानंतर महिन्याभरात एकदा पाहिला होता, म्हणजे चौदा मिनिटं. पंधराव्या मिनिटाला त्याला झोप लागली. झोप चांगली लागली होती, एवढंच त्याला पिक्चरबद्दल आठवत होतं.

या वेळी तो जागा राहिला. ती चूक झाली.

तेविसाव्या मिनिटाला पिक्चरची नायिका, तारा तिचं नाव, घराचं हिरवं दार उघडते. कडी काढते, मग उजवा गुडघा दाराला लावते, दार थोडं वर उचलते आणि ढकलते. प्रशीलचा हात चिवड्याच्या वाटीत तसाच राहिला. धुळ्याला देवपुरात त्याच्या सासुरवाडीचं दार हिरवं होतं. ते खाली घासायचं. गुडघ्याने उचलल्याशिवाय उघडायचं नाही. साडेतीन वर्षं तो प्रत्येक सणाला ते दार गुडघ्याने उचलत आला होता आणि दर वेळी एक पँट मळवत आला होता. सुतार का बोलवत नाहीत, असं त्याने एकदा विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "सवय झाली."

आता परग्रहावरचा तरुण त्या दारातून आत गेला, डोक्यावरचा डबा काढून बाजूला ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "साऱ्या पृथ्वीवर इथंच श्वास घेता येतो."

उरलेला पिक्चर प्रशीलने पाहिला नाही. त्याने सपनाला पाहिलं. ती तीन ठिकाणी हसली. एका ठिकाणी तिचे ओठ संवादाबरोबर हलले. त्या प्रसंगात तारा त्या तरुणाला जेवायला वाढते आणि म्हणते, "हळू खा. ग्रह काय पळी जाई राह्यना का?"

हेच वाक्य सपना प्रशीलला रोज म्हणायची. पळून जाणाऱ्या ग्रहाच्या जागी पळून जाणारी भाकर असायची, तेवढाच फरक.

प्रशील जळगावला केळी पिकवण्याच्या चेंबरवर सुपरवायझर होता. हिरवी केळी आत जातात, गॅस सोडतात, चौथ्या दिवशी पिवळी बाहेर येतात. चेंबरच्या भिंतीवर एक तक्ता होता, एक ते सात. एक म्हणजे पूर्ण हिरवं, सात म्हणजे पिवळ्यावर काळे ठिपके. प्रशील नुसत्या नजरेने आकडा सांगायचा आणि तो चुकायचा नाही. त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती: शंभर कच्च्या केळ्यांत एक पिकलेलं ठेवलं, की बाकीची त्याच्या नादाने पिकतात. बाहेरून गॅस सोडायचीही गरज नाही.

ते हिरवं दार म्हणजे ते एक केळं होतं.

सोमवारी दुपारी त्याने चेंबरच्या ऑफिसात मोबाइलवर पिक्चर तिसऱ्यांदा पाहिला, तापमानाची वही उलटी करून मागच्या पानावर नोंदी करत. ताराच्या खिडकीत लाल दिवा लागला की परग्रहवासी येतो. दिवा म्हणजे उपडा ठेवलेला लाल प्लास्टिकचा मग. तो मग प्रशीलच्या ओळखीचा होता. सासुरवाडीला त्याने त्यातून आंघोळ केली होती. परग्रहवासी त्या घरात डब्याशिवाय फक्त अठ्ठेचाळीस मिनिटं राहू शकतो. पन्नास नाही, पंचेचाळीस नाही. "अठ्ठेचाळीस मिनिटांत काय होतं?" असं लिहून प्रशीलने खाली दोन रेघा ओढल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे निघताना तो माणूस तोंड धुतो. नुसतं धुवत नाही, पेरूची पानं चावतो, बडीशेप खातो, दोनदा दात घासतो, मग तारा त्याचं तोंड हुंगते आणि म्हणते, "जा आता. कुणाला कळायचं नाही."

"दात घासतो. कशासाठी?" असं प्रशीलने लिहिलं. थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं. लग्न झालेल्या माणसाला या प्रश्नाचं एकच उत्तर सुचतं आणि ते त्याला सुचलं.

शिवाय खलनायक होता. तो ग्रह क्रमांक एकोणीसवरून येतो, केळ्यांची पेटी घेऊन येतो आणि ताराला घेऊन जाऊ पाहतो. धुळ्याच्या गाड्यांवर एमएच अठरा असतं आणि जळगावच्या गाड्यांवर एमएच एकोणीस. हे खानदेशातल्या शेंबड्या पोराला कळतं, मग जळगावात राहून केळी पिकवणाऱ्या माणसाला न कळून कसं चालेल? खलनायक चहा बशीत ओतून तीन फुंकरा मारून पीत होता. प्रशीलने त्या दिवशीचा चहा कपातून, भाजत, एकही फुंकर न मारता प्यायला.

दिसायला रोनक बरा होता, हे आणखी एक. परग्रहवासीयाचं काम त्यानेच केलं होतं. डबा काढल्यावर त्याचे केस कपाळावर पडायचे. प्रशीलचे केस कपाळावर पडणं दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. पडायचे ते आता उशीवर.

मंगळवारी जेवताना त्याने सहज विचारावं तसं विचारलं. सहज दिसावं म्हणून त्याने ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"तो रोनक तुमच्या घरी यायचा का गं?"

"यायचा की. त्याचं घर आमच्या मागच्याच गल्लीत."

"कशाला यायचा?"

सपनाचा भाकरीचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, "ते नाही सांगता यायचं."

"का?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"त्याला. अकरावीत." आणि मग, ताटाकडे बघत, "हळू खा. भाकर काय पळी जाई राह्यनी का?"

रविवारी प्रशील दोनवर होता. मंगळवारी रात्री जेवून उठला तेव्हा तो पाच पूर्ण होता, देठाला थोडी हिरवी कड.

त्या आठवड्यात त्याने वही घरी आणली आणि पिक्चर आणखी दोनदा पाहिला. सगळा नाही. घराचे प्रसंग तो थांबवून, मागे नेऊन, बोटांनी मोठे करून बघायचा. बाकीचं पुढे ढकलायचा. उत्तरार्धात यान पुन्हा येतं, या वेळी भरदिवसा धुळ्याच्या एसटी स्टँडसमोर उतरतं, माणसं सैरावैरा पळतात, हा पिक्चरमधला सगळ्यात गाजलेला प्रसंग, यूट्यूबवर त्याखालीच सगळ्यात जास्त लोकांनी लिहिलं होतं. प्रशीलने तो सोमवारीही पुढे ढकलला होता, एकदाही पाहिला नव्हता. त्यात दार नव्हतं.

शुक्रवारी सपना म्हणाली, "आईने रोनकला रविवारी जेवायला बोलावलंय. बक्षिसाबद्दल. आपणही जाऊ या. तुमची ओळख तरी होईल, लग्नाला तो नव्हता."

"का नव्हता?" प्रशीलने विचारलं.

"पुण्याला एडिटिंग चालू होतं."

"बरोबर," प्रशील म्हणाला. "लग्नाच्याच दिवशी."

प्रशील मूळचा असोद्याचा. भरताची वांगी म्हटली की जळगावात असोद्याचं नाव घेतात. फिकट हिरवी, पांढरट रेघांची, एकेक अर्ध्या किलोची. लग्नापासून प्रत्येक हिवाळ्यात तो गावाकडून पिशवीभर वांगी सासुरवाडीला न्यायचा. साडेतीन वर्षांत त्या वांग्यांचं पुढे काय होतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पुढ्यात धुळ्याला कायम श्रीखंड-पुरी यायची. सासरच्यांना भरीत आवडत नसावं, असं त्याने गृहीत धरलं होतं, आणि आवडत नसलेल्या माणसांना दर वर्षी वांगी नेणं चालूच ठेवलं होतं, कारण बंद करायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

रविवारी पारोळ्याजवळ बस अर्धा तास थांबली. सासुरवाडीला पोचेपर्यंत साडेबारा झाले. प्रशीलने वांग्यांची पिशवी डाव्या हातात घेतली, दार गुडघ्याने उचललं, पँट मळवली आणि आत पाऊल टाकलं. पलंगावर सासरे बसले होते. भाईदास नाना, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले.

"उशीर झाला जवाईबापू," नाना म्हणाले. "काय, रिक्षावाले आभाळाकडे बघत होते का?"

सपना हसली. आतून सासूबाईंचं हसूही ऐकू आलं. प्रशीलही हसला. त्या घरातला हा जुना विनोद होता, आणि तो त्याच्यावर होता. चार वर्षांपूर्वी तो सपनाला बघायला आला तेव्हा पन्नास मिनिटं उशिरा आला होता. का, असं नानांनी विचारलं तर त्याने खरं ते सांगितलं होतं: स्टँडवर रिक्षा भरपूर होत्या, पण एकही रिक्षावाला यायला तयार नव्हता, सगळे मान वर करून आभाळाकडे बघत उभे होते. आभाळात काय होतं, असं नानांनी विचारलं. प्रशील म्हणाला, मी नाही पाहिलं, मला उशीर होत होता. तेव्हापासून घरात कुणालाही कशालाही उशीर झाला, दूधवाला उशिरा आला, कुकरची शिट्टी उशिरा झाली, की हे वाक्य ठरलेलं. लग्न जमलं ही नानांची कृपा. नाना म्हणाले होते, खोटं बोलणारा चांगलं कारण सांगतो, हा मुलगा सरळ आहे.

एक वाजता सपना उठून मागच्या खिडकीशी गेली. बाहेर पाहिलं, घड्याळ पाहिलं, न्हाणीतला लाल मग आणला आणि पुढच्या खिडकीत उपडा ठेवला.

प्रशीलच्या देखत. दिवसाढवळ्या. नवरा खुर्चीत बसलेला असताना.

दोन मिनिटांत दार उघडलं. गुडघा, उचल, ढकल, सगळं एका दमात, आवाजसुद्धा नाही. रोनक आत आला. पँट स्वच्छ. प्रशीलला ते फार लागलं. साडेतीन वर्षं जावई असून त्याला जमलं नव्हतं ते या माणसाला चालता चालता जमत होतं.

"ये रे भो!" रुक्माबाई, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघरातूनच ओरडल्या. "कथा व्हता इतला दिन? वाट दखी दखी डोळा दुखनात मन्हा."

प्रशीलला त्या 'अहो जवाईबापू, बसा' म्हणायच्या. त्याची वाट बघून त्यांचे डोळे कधी दुखले नव्हते.

रोनकने हात जोडले, प्रशीलकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. "आपण कुठे भेटलोय का?"

"नाही," प्रशील म्हणाला. "तुम्ही लग्नाला नव्हता."

"नाही, पण कुठंतरी बघितलंय तुम्हाला. चेहरा नाही आठवत. उभं राहणं आठवतंय."

माझं उभं राहणं याने कशाला लक्षात ठेवावं, असा विचार प्रशील करतोय तोवर रोनक स्वयंपाकघरात गेला. त्याच्यामागून सपना गेली. दार लोटलं गेलं.

प्रशीलपुढे श्रीखंड-पुरी आली. नानांनी टीव्हीवर पिक्चर लावून दिला, "बघा तोवर," म्हणाले आणि पलंगावर आडवे झाले. पडद्यावर लाल दिवा लागला होता, परग्रहवासी आत शिरत होता. प्रशीलने घड्याळ पाहिलं. एक वाजून पाच. पडद्यावरच्या माणसाने डबा काढला, श्वास घेतला. आतून रोनकचा आवाज आला, "आहाहा, मावशी!" आणि मग सपनाचा, अगदी हळू, "लवकर. चाळीस मिनिटं उरली."

प्रशील उठला. त्याचा आकडा सात झाला होता, ठिपक्यांसकट. स्वयंपाकघराचं दार त्याने गुडघ्याने जोरात उचललं. ते दार घासत नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं, त्यामुळे तो दारासकट आत गेला.

रोनक जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढे भरीत ठेचायची लाकडी बडगी, तिच्यात भरीत, आणि भरतात मनगटापर्यंत त्याचा हात. शेजारी हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, आणि ठेचलेल्या लसणाचा ढीग, बोराएवढा नाही, नारळाएवढा. रुक्माबाई पुरी तळत होत्या. सपना पाठ करून मागच्या खिडकीशी उभी होती आणि पहारेकऱ्यासारखी समोरच्या गच्चीकडे बघत होती.

तेलात पुरी फुगली.

"आता सांगूनच टाक," रोनक सपनाला म्हणाला. "नवऱ्याला सांगितलेलं चालतं."

"तूच सांग. शब्द तुझा."

रोनकने बोटं चाटली. "माझी आजी, झमकूबाई. आम्ही जैन, आमच्यात कांदा-लसूण नाही, वांगंही नाही. मला कधी खावंसंही वाटलं नाही. अकरावीत जर्नल घ्यायला इथं आलो आणि मावशी लसूण ठेचत होत्या. मी जर्नल विसरलो. आजीचं नाक असं आहे की लग्नाच्या पंगतीत ती पाचव्या माणसापासून सांगते, परवा काय खाल्लं. पण ती रोज दुपारी त्या समोरच्या गच्चीवर सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसते. तोंडाला मुहपत्तीचं पांढरं फडकं, डोळे मिटलेले, आणि एकदा बसली की अठ्ठेचाळीस मिनिटं उठायचं नाही. एक मिनिटही कमी-जास्त नाही. ती बसली की सपना पुढच्या खिडकीत मग ठेवायची, मी गल्लीच्या तोंडाशी थांबलेलो असायचो."

"आणि दात?" प्रशीलने विचारलं. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"घासायला नकोत? हा वास आहे की काय आहे! पेरूची पानं मावशींनी शोधून काढली."

"तुमची वही मी वाचलीय," सपना खिडकीतून मान न वळवता म्हणाली. "'दात घासतो, कशासाठी' असं दोनदा लिहिलंय. मला वाटलं चेंबरवर कुणाला तरी दातांचा त्रास आहे."

"म्हणजे तारा..."

"तारा म्हंजे मी," रुक्माबाई झाऱ्या हलवत म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मुलीच्या लग्नातही नव्हता. "पण यानी बारीक नटी लिधी. मी म्हटलं, भो, मन्हासारखी घे ना. तर म्हणे बजेट नही."

"आणि एकोणीस?" प्रशील म्हणाला. "खलनायक. केळी. बशीतला चहा."

रोनक ओशाळला. "त्यात काही नाही हो. जळगावचा व्हिलन केला की धुळ्यात टाळ्या पडतात. तेवढंच." मग त्याने बडगीतला आणखी एक गोळा उचलला आणि मनापासून म्हणाला, "पण काही म्हणा, पूर्वी मावशी बाजारातली वांगी आणायच्या. तुमची असोद्याची यायला लागली तेव्हापासून भरताला जी चव आली ना! साडेतीन हिवाळे, पिशवीच्या पिशवी. मी पुण्याहून तेवढ्यासाठी येतो. थँक यू."

प्रशील खाली बसला. संशयाचं एकेक केळं कच्चं निघत होतं आणि त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बायकोवर कुणाचं प्रेम नव्हतं, इथवर ठीक. पण त्याच्या गावची वांगी, त्याने बसमध्ये मांडीवर धरून आणलेली, त्याच्या सासूने भाजलेली, हा माणूस साडेतीन हिवाळे खात होता. आणि तो, असोद्याचा पोरगा, ज्याने पहिला दात आला त्या दिवशी भरीत चाटलं होतं, तो बाहेर खुर्चीत बसून श्रीखंड खात होता.

"आई," तो म्हणाला, "मला एकदाही भरीत वाढलं नाही तुम्ही."

रुक्माबाईंनी झाऱ्या थांबवला. "जवाईले काय वांगं वाढतस? लोके काय म्हणतीन? तुमले गोड आवडस ना?"

"मला गोड आवडत नाही."

"सपना!"

"मला काय माहीत," सपना म्हणाली. "दर वेळी तीन वाट्या खातात."

"संपवायचं म्हणून खातो. संपवलं की तुम्ही परत वाढता."

साडेतीन वर्षांचं श्रीखंड क्षणभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग रुक्माबाई उठल्या, एक पितळी काढली, तिच्यात भरीत घातलं, वर तेल, वर लसूण, आणि ती प्रशीलपुढे ठेवली. "घ्या," म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "घे."

प्रशीलने घास घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची होती.

एक चाळीसला रोनकने पेरूची पानं चावली, बडीशेप खाल्ली, दोनदा दात घासले. रुक्माबाईंनी हुंगून पास केलं. "आजींनी पिक्चर पाहिला का?" प्रशीलने विचारलं. आता तो या माणसाशी बोलू शकत होता. अजून जळत होता, पण बोलू शकत होता.

"अकरा वेळा," रोनक म्हणाला. "रडते दर वेळी. काही म्हणत नाही. एकदाच म्हणाली, यानातून लसणाचा वास येतो."

पाच मिनिटं उरली होती म्हणून सगळे बाहेरच्या खोलीत आले. टीव्हीवर पिक्चर आपला आपण पुढे गेला होता. यान स्टँडसमोर उतरत होतं. क्रेनला बांधलेलं भगोणं उन्हात चकाकत खाली येत होतं. माणसं पळत होती.

"थांबा, थांबा!" रोनकने रिमोट घेतला. "हा माणूस बघा. डाव्या कोपऱ्यात. सगळे यानाकडे बघतात, याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आमचा सगळ्यात भारी नट. पुण्याच्या परीक्षकांनी मुद्दाम विचारलं, हा कोण? आम्हालाच माहीत नाही. आमचा नाहीच तो. शूटिंग चाललंय हे त्याला कळलंच नाही."

कोपऱ्यात एक बारीक तरुण उभा होता. निळा शर्ट, हनुवटीवर ओढलेला मास्क, कपाळावर पडलेले केस, हातात पिवळ्या दोऱ्याने बांधलेला पेढ्यांचा खोका. त्याच्यामागे पंधरा फुटांवर परग्रहाचं यान उतरत होतं. सगळं धुळं वर बघत होतं. ओळीने उभे असलेले आठ रिक्षावाले वर बघत होते. हा एकटा रिक्षावाल्यांकडे बघत होता. एकाची बाही धरून ओढत होता, दुसऱ्याच्या तोंडापुढे घड्याळ नाचवत होता. परग्रहवासी खाली उतरून त्याच्या अगदी शेजारून गेला. तरुणाने त्याला कोपराने बाजूला सारलं.

"किती घाई आहे बिचाऱ्याला," सपना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मागे आभाळ कोसळतंय आणि ह्याला बघा. परत दाखव."

रोनकने परत दाखवलं.

"कुठं पोचायचं असेल त्याला इतकं?" ती म्हणाली. खुर्चीत पुढे झुकली होती, हनुवटी तळहातावर. प्रशीलकडे तिने असं साडेतीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तिसऱ्यांदा बघ, आवाज वाढवतो," रोनक म्हणाला. "एक वाक्य ऐकू येतं त्याचं."

गोंधळातून, किंकाळ्यांतून, झाऱ्यांच्या खणखणाटातून एक आवाज आला. "देवपूर! अहो दादा, देवपूर! मुलगी बघायचीय हो मला!"

मग रुक्माबाई म्हणाल्या, "हाऊ ते जवाईबापूना आवाज शे."

पलंगावर नाना उठून बसले. त्यांनी आठ रिक्षावाले मोजले, दोनदा. आठांच्या आठ माना वर होत्या. नानांनी चष्मा काढला, पुसला आणि परत न घालता हातात धरला.

"तरीच," रोनक म्हणाला, "उभं राहणं!"

सपना प्रशीलकडे वळली. "म्हणजे खरंच बघत होते."

"मी सांगितलं होतं."

"मी तुम्हाला नाही म्हणणार होते. नाना म्हणाले म्हणून हो म्हटलं. इतके दिवस मला वाटायचं, नवरा थोडासा खोटं बोलतो."

"थोडंसं म्हणजे किती?"

"रिक्षाएवढं." तिचे डोळे भरले होते आणि तिने मिरची खाल्लेली नव्हती. ती परत टीव्हीकडे वळली. "परत दाखव रे."

रोनकने परत दाखवलं. मग परत. समोरच्या गच्चीवर झमकूबाईंची अठ्ठेचाळीस मिनिटं संपली, रोनक पळाला, जाताना दार एका गुडघ्यात उघडून गेला. तरी सपनाच्या हातातला रिमोट थांबेना. देवपूर! अहो दादा, देवपूर! निळ्या शर्टातला तरुण धावत होता, त्याचे केस उडत होते, त्याला पोट नव्हतं. सपना हसत होती, डोळे पुसत होती, त्याच्याकडे बघत होती.

प्रशील भरताची पितळी घेऊन तिच्या शेजारी बसला. त्याने दोन घास खाल्ले. मग तिसरा.

"पुरे ना आता," तो म्हणाला. "इतकं काय आहे त्या माणसात?"

"श्शू," सपना म्हणाली. "तो येतोय."